स्टीअरिंग वळवताना घूंऽऽ आवाज येतोय, मेकॅनिक म्हणतो पॉवर स्टीअरिंगचा पंप बदला. खरंच बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी जुनी डिझेल एसयूव्ही आहे, सकाळी चालू करून पार्किंगमधून वळवून काढताना घूंऽऽ करून ओरडते, गरम झाली की आवाज कमी होतो आणि खाली ऑइलचा एक थेंब पण पडलेला नसतो. या वर्णनावरून मी तरी लगेच पंपाला हात लावणार नाही. मला आधी स्टीअरिंगच्या ऑइलमध्ये शिरलेल्या हवेचा संशय येतो.

सगळ्यात आधी बोनेट उघडून बघा, पॉवर स्टीअरिंगच्या ऑइलची डबी आहे का. आजकालच्या बहुतेक छोट्या गाड्यांना इलेक्ट्रिक स्टीअरिंग असतं, त्यात पंपही नाही आणि ऑइलही नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी पुढचं सगळं गैरलागू. तुमच्याकडे मेकॅनिक पंप म्हणतोय म्हणजे हायड्रॉलिकच, ऑइलच्या दाबावर चालणारं, असणार.

आता आवाज नीट ऐका. स्टीअरिंग पूर्ण लॉकला, म्हणजे अगदी टोकापर्यंत, नेल्यावरच सूंऽऽ येत असेल तर तो जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा, त्यात काही बिघाड नाही, फक्त लॉकला धरून बसू नका, पाच सेकंदांच्या वर तर नाहीच, कारण तेव्हा पंप फुल प्रेशरवर असतो आणि ऑइल तापतं. चीं करून किंचाळल्यासारखा आवाज असेल तर बेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झालेला. खड्ड्यात किंवा वळताना टक टक येत असेल तर टाय रॉड एंड (चाकाकडचा सांधा), रॅकचे (चाकं वळवणाऱ्या दांड्याचे) बुश किंवा स्ट्रटचं (पुढच्या शॉकअपचं) वरचं बेअरिंग बघायचं, पंपाचा तिथं काही संबंध नाही. पण रेस दिली की वाढणारा आणि स्टीअरिंग वळवलं की अजून वाढणारा घूंऽऽ असेल तर पंपाला ऑइल पुरत नाहीये किंवा ऑइलबरोबर हवा जातेय.

आणि थेंब का पडत नाही, तर गंमत इथंच आहे. डबीकडून पंपाकडे जाणारा जाड पाइप हा ओढणारा पाइप, चालू गाडीत त्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. त्यामुळे तिथली क्लिप ढिली असली, रबर कडक होऊन तडकलं असलं किंवा पंपाच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग (गोल रबरी कडं) चपटी झाली असली तर ऑइल बाहेर येण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. सकाळी ऑइल गार आणि घट्ट, पंपाला जास्त ओढावं लागतं, म्हणून सकाळीच जास्त ओरडतो. त्या दहा-वीस रुपयांच्या ओ-रिंगपायी चांगले पंप भंगारात जातात, होंडाच्या जुन्या अकॉर्डवाल्यांमध्ये तर हा प्रकार जगभर माहीत आहे. आमच्या मामांच्या गाडीचंही असंच, गॅरेजवाल्याने नवा पंप बसवून दिला आणि आवाज होता तिथंच, शेवटी निघाली ती डबीखालची ढिली क्लिप.

हवा आहे का ते घरीच कळतं. इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवा, आयडलवर (रेस न देता) येऊ द्या, डबीतली लेव्हल बघा, मग इंजिन बंद करून लगेच परत बघा. बंद केल्यावर लेव्हल वर चढली (टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये ५ मिमीपर्यंत चालेल म्हणतात) किंवा ऑइल फेसाळ, चहासारखं दुधट दिसलं तर आत हवा आहे. मग इंजिन बंद असताना ओढणाऱ्या पाइपच्या दोन्ही जोडांना बाहेरून थोडं ग्रीस लेपा, फिरत्या बेल्टजवळ हात नको, परत चालू करा. आवाज लगेच कमी झाला तर चोर सापडला. तो पाइप, क्लिप आणि ओ-रिंग तिन्ही नवीन टाका, एकेक करत बसू नका.

डबीच्या तळाशी बऱ्याच गाड्यांत बारीक जाळी असते, ती काळ्या गाळाने बंद झाली तरी अगदी हाच आवाज येतो. जाळी सुटी होत नसेल तर डबीच बदलायची.

ऑइल मात्र झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, डेक्सरॉन असं लिहिलेलं, चालतं, पण होंडाचं स्वतःचं वेगळं असतं आणि काही युरोपियन गाड्यांना हिरवं लागतं, त्यांची मिसळ करायची नाही. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, सगळे सील फुगून रॅकपण जाईल. जुनं ऑइल काढायला मोठी सिरिंज पुरते, डबीतलं ओढून काढा, नवीन भरा, थोडं चालवा, परत काढा, रंग स्वच्छ होईपर्यंत. लीकेज बंद करतो म्हणणाऱ्या बाटल्या मी घेत नाही.

शेवटी एअर काढायची, आणि घाई नेमकी इथंच होते. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड, पुढची चाकं जॅक करून स्टँडवर घ्या. इंजिन बंदच ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं, वीस-पंचवीस वेळा तरी, आणि कोणीतरी डबीकडे बघत ऑइल भरत राहायचं, कारण एकदा लेव्हल खाली गेली की परत हवा आत. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करून आयडलवर पुन्हा फिरवा. सुरुवातीलाच इंजिन चालू केलं तर पंप त्या हवेचा फेस करतो आणि मग तो बसायला गाडी तासन्‌तास उभी ठेवावी लागते.

एवढं करूनही सरळ चालवताना सुद्धा आवाज असेल, स्टीअरिंग जड लागत असेल आणि ऑइलमध्ये चांदीसारखी चमक, म्हणजे धातूचा चुरा, दिसत असेल तर मेकॅनिक बरोबर आहे, पंप आतून खाल्लाय. पण मग त्याला सांगा की नुसता पंप नको, लाइनी फ्लश कर (आतून धुऊन काढ) आणि डबी पण नवीन टाक, नाहीतर तोच चुरा नव्या पंपात जाईल.