तुझा मसुदा तिथे कोण वाचणार?

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची. पुण्याच्या आयएलएसमधून वकिलीचं शिक्षण घेतलं आणि गेली दोन वर्षं मुंबईतल्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये आहे. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचं काम करणाऱ्या टीममध्ये. परळला तिघी मिळून भाड्याने राहतो. सकाळी साडेदहाला ऑफिस, रात्री एक-दोनला कॅब. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या वेळी मी कराडच्या घरी लॅपटॉप घेऊन गच्चीत बसले होते, कारण रेंज तिथेच येते. आता चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने ‘लीगल मॅनेजर’ म्हणून बोलावलंय. पैसे वीसेक टक्क्यांनी कमी, पण रात्री घरी जेवता येईल. बाबा कराडच्या कोर्टात वकील आहेत. ते म्हणाले, ‘‘वकिलीची सनद गहाण टाकून नोकरी करणार?’’ फर्ममधली सीनियर म्हणते, इतक्या लवकर गेलीस तर परत कुणी घेणार नाही. मी नुसती थकलेय की मला खरंच तिकडचं काम हवंय, हेच कळेनासं झालंय. काय करू?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. पगार आहे, सनद आहे, दिवाळी आहे. त्या कंपनीत तुझ्या वर कोण आहे, ते मात्र कुठेच नाही. लीगलमध्ये पाच-सहा माणसं आणि त्यांतली तू एक, की कंपनी सेक्रेटरीच्या केबिनबाहेर एक टेबल आणि त्यावर तू एकटी?

मी त्या टेबलावर बसलेली आहे. १९९८ साली, फोर्टातल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये दोन वर्षं सात महिने काढून मी पिंपरीच्या एका कारखान्यात गेले. कंपनीची पहिलीवहिली वकील. पहिल्याच आठवड्यात परचेसचे साहेब एक करार घेऊन आले. मी रात्र जागून चार पानी टिपण दिलं. ‘अमुक गृहीत धरल्यास’, ‘तमुकच्या अधीन राहून’ वगैरे. त्यांनी ते अदबीने वाचलं आणि म्हणाले, ‘‘मॅडम, छान लिहिलंय. पण सही करू की नको?’’ फर्ममध्ये हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. तिथे आपण जोखीम दाखवायची, उचलायची क्लायंटने. इथे तुझ्या ‘हो’वर ट्रक सुटतो.

आणि मला ते काम आवडलं, हेही सांगते. शॉप फ्लोअरवर जायला लागले तेव्हा करारातली कलमं पहिल्यांदा डोळ्यांना दिसली. पुरवठादाराकडे आपल्या पैशाने बनवलेले डाय, म्हणजे सुट्या भागांना आकार देणारे साचे, पडून असतात. तो बुडाला की बँक त्याच्या कारखान्याला टाळं ठोकते आणि आपले डाय आत अडकतात. मग ते आपले आहेत हे सिद्ध कसं करणार? करारात मालकीचं कलम असून भागत नाही. डायवर कंपनीच्या नावाची पट्टी ठोकलेली हवी, आणि दर वर्षी कुणीतरी जाऊन ते मोजून यायला हवेत. हे मला एका फोरमनने शिकवलं. त्याने कायद्याचं एक पान वाचलेलं नव्हतं.

पण मी लिहिलेलं कुणी वाचत नव्हतं. फर्ममध्ये माझे सीनियर हिरव्या शाईने मसुदा रक्तबंबाळ करायचे. (शाई हिरवी, तरी शब्द तोच सुचतो.) पिंपरीत माझा पहिला मसुदा हाच शेवटचा. एका करारात मी जुन्या फाइलीतून लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाबाहेर पंचाकडे सोडवायचं, कलम उचललं. वाद झाल्यास तो, पक्षकारांनी तसं ठरवल्यास, लवादाकडे ‘सोपवता येईल’, असं. तीन वर्षांनी पुरवठादाराशी फाटलं, तेव्हा त्याचा वकील शांतपणे म्हणाला, आम्ही तसं ठरवलेलं नाही. पुढे २००७ साली जगदीश चंदर खटल्यात सुप्रीम कोर्टानेही असल्या ‘ठरवल्यास’च्या कलमाला लवादाचा करार मानायला नकार दिला. तोवर आमचा दावा पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात तारखा खात होता. फर्ममध्ये तो ‘ठरवल्यास’ सकाळचा चहा होईपर्यंतसुद्धा टिकला नसता.

तेव्हा तिथे वर कुणी मुरलेला जनरल काउन्सेल, म्हणजे कंपनीचा मुख्य वकील, असेल, तर दोन वर्षांनी जाणं लवकर नाही. मी तर म्हणेन जा. तू एकटीच असशील, तर थांब. निदान एक व्यवहार टर्म शीटपासून (पहिल्या अटींच्या कागदापासून) क्लोजिंगपर्यंत (व्यवहार पुरा होईपर्यंत) तू स्वतः ओढून नेईपर्यंत. मुलाखतीत सरळ विचार, ‘‘माझ्या मसुद्यावर शेवटचा हात कुणाचा फिरणार?’’ उत्तरात ‘‘तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे’’ असं आलं, तर समजून जा.

बाबांचं बोलणं हसण्यावारी नेऊ नकोस. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ४९व्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की तसं महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली बंद ठेवायची. सनद गहाण पडत नाही. कपाटात जाते, पुढे अर्ज करून बाहेर काढता येते. माझा कोट अजून डांबरगोळ्या घालून ठेवलेला आहे. पण कपाटातली वर्षं मोजली जात नाहीत. मे २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली, आणि वकिलांतून थेट जिल्हा न्यायाधीश व्हायला सात वर्षं लागतात. बाबांच्या मनात तुला त्या खुर्चीत पाहायचं असेल, तर ते आत्ताच बोलून घ्या. आणखी एक. ३१ ऑक्टोबर २०२५च्या निकालात त्याच कोर्टाने सांगितलं की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२व्या कलमाचं वकील-अशील गोपनीयतेचं संरक्षण इन-हाउस, म्हणजे कंपनीच्या पगारावरच्या, वकिलाला मिळत नाही. म्हणजे कंपनीत ईमेल लिहिताना, हे उद्या कोर्टात वाचलं जाईल, असं धरूनच लिहायचं. मी बरंचसं फोनवर बोलते.

पैशाचा हिशेब मात्र नीट कर. फर्ममध्ये तू बहुधा रिटेनरवर असशील. म्हणजे पगार नाही, फी. दहा टक्के टीडीएस आणि ठरावीक मर्यादेपर्यंत निम्मीच रक्कम उत्पन्न धरून कर भरायची सोय. कंपनीत तू पगारदार होशील, ती सोय संपेल, पीएफ कापला जाईल. कागदावरची वीस टक्क्यांची घट हातात येताना जास्त वाटेल. सीटीसीतला, म्हणजे कंपनी सांगते त्या वर्षाच्या एकूण आकड्यातला, ‘व्हेरिएबल’ (कामगिरीवर कमीजास्त होणारा भाग) किती, तेही विचार.

परतीबद्दल तुझी सीनियर अर्धं खरं बोलते. दोन-अडीच वर्षांत परतलेले मी पाहिलेत, एक पायरी खाली बसून. पाच वर्षांनी परतलेली माझ्या ओळखीत एकच, आणि तिला औषध कंपन्यांच्या करारांतलं इतकं कळत होतं की फर्मच तिच्या मागे लागली होती.

राहिलं थकलेय की काम हवंय. ते मी इथून सांगू शकणार नाही, आणि रात्री दोनला कॅबमध्ये तुलाही कळणार नाही. आधी दहा दिवसांची रजा घे, लॅपटॉप परळलाच ठेव. मग चाकणला जा आणि कारखाना दाखवा म्हण. तासभर प्रेस मशिनच्या आवाजात उभं राहून, हा डाय कुणाचा, तो पत्रा कुठून येतो, असं विचारावंसं वाटलं, तर तुला काम हवंय. घड्याळाकडे लक्ष गेलं, तर रजाच हवी होती. आत जायला सेफ्टी शूज लागतात. नंबर आदल्या दिवशी कळव, नाहीतर पुरुषांचे देतात.