बर्फ करडा का येतो? आणि बर्फातल्या फोटोंचे बाकी प्रश्न

प्रश्न : ताई, जानेवारीत फॅमिलीसोबत गुलमर्गला जाऊन आलो. डोळ्यांना लख्ख पांढरा दिसणारा बर्फ फोटोत मात्र मळकट, निळसर करडा आलाय. कॅमेरा मिररलेस, मोड अ‍ॅपर्चर प्रायोरिटी, ऊन कडक होतं. कॅमेऱ्यात काही बिघाड आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बिघाड अजिबात नाही, उगाच सर्व्हिस सेंटरला पैसे घालवू नका. कॅमेऱ्यातला मीटर समोर काय आहे ते ओळखून मोजत नाही, तो फक्त परत येणारा प्रकाश मोजतो आणि सगळं सरासरी मध्यम करड्याच्या आसपास आणून ठेवतो. हा मध्यम करडा म्हणजे ढोबळमानाने १८ टक्के प्रकाश परत फेकणारा रंग. आपल्याकडची शेतं, रस्ते, झाडं, माणसं यांची सरासरी साधारण तिथेच येते म्हणून नाशिकला तुमचे फोटो छान येतात. ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. मीटरला वाटतं बापरे केवढा उजेड, आणि तो शटर स्पीड वाढवून सगळा बर्फ ओढत करड्यावर आणतो (तुमच्या मोडमध्ये अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, तुम्ही ठरवता आणि शटर कॅमेरा). १८ आणि ९० मधलं अंतर पाच पट, म्हणजे सव्वादोन स्टॉपपेक्षा थोडं जास्तच (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तेवढा अंधार तुमच्या फोटोत आलाय.

उपाय एकच, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशोबापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची +/- सेटिंग, प्लसमध्ये न्या. उजेड आधीच एवढा आहे म्हणून मायनस करायचा मोह होतो, पण करायचं बरोबर उलटं. मग सरळ सव्वादोन स्टॉप वाढवायचं का, तर नाही, कारण फ्रेममध्ये देवदारही असतात, गोंडोलाचे, म्हणजे रोपवेचे, खांब असतात, सावल्या असतात, आणि हल्लीचं मॅट्रिक्स मीटरिंग (अख्खी फ्रेम भागाभागाने मोजणारं) थोडंफार सांभाळूनही घेतं. फ्रेमभर उन्हातला बर्फ असेल तर +१.३ पासून सुरू करा, +२ पर्यंत जावं लागू शकतं, अर्धी फ्रेम झाडांची असेल तर +०.७ सुद्धा पुरतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. बर्फ पांढरा आला म्हणजे काम झालं असं नाही, त्याचा पोत दिसला पाहिजे. गुलमर्गच्या अफरवत डोंगराच्या उतारावर दुपारी चारच्या तिरप्या उन्हात एखादं पाऊल उमटलेलं बघा, एका कडेला रवाळ चकाकी असते, आतल्या बाजूला निळी सावली, आणि कडेवर सांडलेले बर्फाचे बारीक कण. एक्सपोजर कमी पडलं की ती चकाकी मरते, जास्त झालं की कडा आणि कण पुसले जातात आणि तिथे नुसता कोरा डाग उरतो, जेपेगमध्ये तो कोणत्याही एडिटिंगने परत येत नाही. म्हणून रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, शूट करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंत काय किती आहे ते दाखवणारा आलेख, बघायची सवय लावून घ्या. आलेख उजवीकडे सरकलेला हवा पण उजव्या भिंतीला चिकटून उभा राहिलेला नको. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम मिळत असेल तर तोच लावा, एखादाच रंग आधी भिंतीला टेकला तर एकत्र आलेखात ते कळत नाही. हायलाइट अलर्टही चालू ठेवा, त्यात कोरा पांढरा झालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो, थेट सूर्य चमकवणाऱ्या एखाद-दुसऱ्या कणावर लुकलुकलं तर हरकत नाही, पण अख्खा उतार लुकलुकायला लागला की एक तृतीयांश स्टॉप खाली या. स्क्रीनवर फोटो कसा दिसतो यावर बर्फात अजिबात भरवसा नको, आजूबाजूच्या झगमगाटात स्क्रीन अंधारीच दिसते, त्यात पोलराइज्ड गॉगल असेल तर विचारूच नका.

निळसरपणाचं म्हणाल तर सावलीतल्या बर्फावर फक्त निळ्या आकाशाचा उजेड पडतो, त्यामुळे सावल्या खरोखरच निळ्या असतात. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) ऑटोऐवजी डेलाइटला ठेवा, उन्हातला बर्फ पांढरा येईल आणि सावल्यांत निळं राहील. ते सगळं निळं काढून टाकू नका, थंडी त्यातच दिसते.

तुमचे आधीचे फोटो रॉमध्ये असतील तर एक्सपोजरचा स्लायडर दीडेक स्टॉप वर नेऊन बघा, बरेचसे सुधारतील.

प्रश्न : सिस्सूला अटल टनेलच्या पलीकडे ग्रुप फोटो काढले. बर्फ ठीक आलाय पण सगळ्यांचे चेहरे काळे. आणि घोडेवाल्या काकांचा गडद जॅकेटमधला फोटो काढला तर त्यात काका मस्त, मागचा बर्फ मात्र पूर्ण उडालेला, नुसता कोरा पांढरा. असं उलटसुलट का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ग्रुप फोटोत बर्फ जास्त म्हणून मीटरने अंधार केला, काका फ्रेमभर होते म्हणून त्याने गडद जॅकेट करड्यावर आणायला उजेड वाढवला. दोन्हीमागे तोच मीटर आहे. अशा ठिकाणी मॅन्युअल मोड सगळ्यात निवांत, कारण ऊन तेच असेल तर एक्सपोजरही तेच, मग फ्रेममध्ये काळं जॅकेट येवो नाहीतर पांढरा डोंगर. फक्त ऑटो आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्याने आपोआप बदलणं, बंद करायचं विसरू नका, नाहीतर मॅन्युअल असूनही कॅमेरा आपलंच चालवतो. सुरुवातीला आयएसओ १००, शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ/१६ हा जुना उन्हाचा हिशोब धरा, चहूकडे बर्फ आणि कडक ऊन असेल तर एफ/२२ एवढा. लेन्स एवढी बारीक करायची नसेल तर एफ/११ आणि १/५०० घ्या, गणित तेच राहतं.

चेहऱ्यांसाठी स्पॉट मीटरिंग (फ्रेममधला फक्त छोटासा भाग मोजणारं) लावून स्वतःचा तळहात मोजा, फक्त तो चेहऱ्यांवर आहे त्याच उजेडात धरा. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून आलेल्या आकड्यात +१ करा. प्रत्येकाच्या हातात थोडा फरक असतो, तेव्हा निघायच्या आधी घरी ग्रे कार्डशी, म्हणजे त्याच १८ टक्के करड्या रंगाच्या कार्डाशी, ताडून घ्या.

आणखी एक, ग्रुपला सूर्याकडे तोंड करून उभं करू नका, सगळे डोळे मिचकावतात. सूर्य त्यांच्या पाठीमागे घ्या आणि त्यांच्यासमोर उन्हातला मोकळा बर्फ येईल असं बघा, तो खालून चेहऱ्यांवर इतका सुंदर उजेड टाकतो की फ्लॅशची गरज पडत नाही. तेव्हा मागचा बर्फ थोडा उडाला तर उडू दे, माणसांच्या फोटोत माझं मत कायम चेहऱ्याच्या बाजूने.

प्रश्न : आम्ही टोरांटोत असतो, माझ्याकडे फक्त फोन आहे. पडणारा स्नो फोटोत दिसतच नाही, नुसतं धुरकट येतं. – एक वाचक

उत्तर : पांढऱ्या आकाशावर पांढरे कण दिसणार कसे, मागे काहीतरी गडद घ्या, विटांची भिंत, पाइनची झाडं, लाल गाडी काहीही. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा आणि सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. फोनमध्ये प्रो मोड असेल तर १/२५० च्या आसपास कण सुटे सुटे दिसतात, १/६० ला त्यांच्या रेघा होतात, मला स्वतःला रेघा जास्त आवडतात. फ्लॅश मात्र बंदच ठेवा, जवळचे कण उजळून फोटोभर पांढरे ठिपके येतात.