नवा लॅपटॉप घरी आला, पण खातं कुणाच्या नावावर?

बारावीचा निकाल लागून प्रवेश सुरू झाले की आमच्या तालुक्याच्या गावात लॅपटॉपची खोकी दिसायला लागतात. एसटीत मांडीवर खोकं धरून बसलेला बाप आणि शेजारी पोरगी, हे जून-जुलैतलं रोजचं चित्र. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत त्यातले बरेच जण माझ्या दुरुस्तीच्या टेबलापाशी येतात. यंत्र बिघडलेलं नसतं, शंका असतात. निरोपही त्याच त्या शंकांचे येतात, म्हणून या वेळी उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न : नवा लॅपटॉप पहिल्यांदा सलग बारा तास चार्ज करावा लागतो का? (दारव्हा)

नाही. ती जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांची गोष्ट होती. आता लिथियमची बॅटरी असते. चार्जर लावा आणि कामाला लागा.

प्रश्न : ५१२ जीबीचा लॅपटॉप घेतला, आत ४७६ जीबीच दिसतात. फसवणूक झाली का? (पुलगाव)

नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. डिस्क तीच आहे. २३८ दिसले असते तर मात्र बिल घेऊन दुकान गाठा, कारण ती २५६ जीबीची डिस्क असते.

प्रश्न : भाऊ, लॅपटॉपले हात लावला का बारीक करंट मारते. चार्जर काढलं का मारत नाही. दुकानदार म्हणते, नवीन माल हाये, होते असं. खरं काय? (आर्वी)

दुकानदाराच्या बोलण्यावर सोडून देऊ नका. आधी चार्जरच्या पिना मोजा. तीन असतील तर त्यातली जाड आणि लांब पीन अर्थिंगची. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट बाहेर पडत असतो आणि त्या पिनेतून त्यानं जमिनीत जावं अशी योजना असते. तिला वाट मिळाली नाही की तो लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येतो आणि तुम्हाला झिणझिण्या लागतात.

आपल्याकडे बोर्डाला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागं वायर असेलच असं नाही. कुठं वायर असते, पण घर बांधताना भरलेला अर्थिंगचा खड्डा पुन्हा कुणी पाहिलेला नसतो. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, खड्ड्यात पाणी टाकायला सांगा. तिसरी पीन कापू नका, दोन पिनांचा जोड लावू नका. चार्जर मुळातच दोन पिनांचा असेल तर हलकी झिणझिण बिघाड नसतानाही येऊ शकते, पण झटका बसत असेल तर वापर थांबवून सर्व्हिस सेंटरला दाखवा.

आणखी एक बघा. घरातल्या कूलरलाही करंट लागतो का? लागत असेल तर लॅपटॉपचं राहू द्या, आजच घराची वायरिंग बघून घ्या. कूलरच्या करंटनं दर उन्हाळ्यात माणसं दगावतात.

प्रश्न : गावात लाइट कमी-जास्त होते. स्टॅबिलायझर घ्यावा का? (मोर्शी)

चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे कमी दाबानं त्याचं काही बिघडत नाही. भीती जास्त दाबाची आहे. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रलची तार तुटली की घरात भलताच दाब येतो, आणि वीज पडली तर विचारूच नका. ढग गडगडायला लागले की बटण बंद करून भागत नाही, पीन बोर्डातून ओढून काढा. घरातले बल्ब मधेच लख्ख पेटत असतील तर वायरमनला आणि महावितरणला कळवा.

प्रश्न : दुकानदारानंच सगळं चालू करून दिलं. चार आकडी पिन टाकतो, लॅपटॉप उघडतो. मुलगा म्हणतो, आत नाव दुकानदाराचं दिसतं. बदलायची गरज आहे का? (उमरखेड)

आहे, आणि याच आठवड्यात आहे. पैसे तुम्ही मोजले, वाहता तुम्ही आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असं हे झालंय.

विंडोज ११ ची होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू होताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. गिऱ्हाइकाकडे ईमेल नसतो, असला तर पासवर्ड आठवत नसतो आणि दुकानात गर्दी असते. मग काउंटरवरचा पोरगा स्वतःचा नाहीतर दुकानाचा ईमेल टाकून मोकळा होतो आणि तुमच्या हातात पिन देतो. पिन त्या एका यंत्राचं दार उघडण्यापुरती असते. मालकी खात्याची.

त्या खात्याला वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवरचं कपाट, जोडलेलं असतं. नव्या लॅपटॉपात डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर बहुतेकदा आपोआप त्यावर चढू लागतात. मुलीची मार्कशीट, आधार, बँकेचं पासबुक, घरचे फोटो असं सगळं एका अनोळखी माणसाच्या खात्यात जमा होतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. सोबत आलेलं ऑफिसही (वर्ड, एक्सेल वगैरे) त्याच खात्याला बांधलं जातं.

माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो तो कुलपापायी. नव्या विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणून सोय असते. खात्यानं लॉगिन झालं की ती बऱ्याच यंत्रांत न विचारता सुरू होते. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आतलं वाचता येऊ नये म्हणून ती आहे आणि चांगली आहे. पण या कुलपाची किल्ली ४८ आकड्यांची असते आणि ती खात्यात जाऊन बसते. रोज ती कुणी मागत नाही. बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट झाला, वॉरंटीत मदरबोर्ड बदलला किंवा कुणी सेटिंगमध्ये हात घातला की एके सकाळी निळा पडदा येतो आणि ते ४८ आकडे मागतो.

गेल्या हिवाळ्यात जिल्हा परिषद शाळेच्या एक बाई टॉवेलात गुंडाळून लॅपटॉप घेऊन आल्या. तोच निळा पडदा. त्यांनी आधी स्वतःची जन्मतारीख टाकून पाहिली होती, मग मोबाइल नंबर. माझ्यासमोर पुन्हा टाकला. किल्लीतले आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ नं भाग जावा लागतो, त्यामुळे पडदा पहिल्याच गटावर अडवतो. अंदाजानं तो उघडत नाही. खातं दुकानातल्या ज्या पोरानं काढलं होतं तो काम सोडून पुण्याला गेलेला, त्याचा नंबर बंद. मायक्रोसॉफ्टही ही किल्ली काढून देऊ शकत नाही. आत त्यांच्या वडिलांचे शेवटचे फोटो होते. लॅपटॉप मला कोरा करावा लागला. यंत्र सुरू झालं, पण बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत बराच वेळ.

तेव्हा करायचं असं. आधी सगळ्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या. घरातल्या ज्या माणसाचा मोबाइल नंबर कायम चालू असतो त्याच्या नंबरवर तुमचं स्वतःचं खातं काढा. ऑफरसाठी घेतलेलं सिम नको, कारण रिचार्ज न केलेला नंबर बंद होतो आणि पुढं दुसऱ्याला दिला जातो. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा. सुरू असेल तर चार्जर लावून ते बंद करा आणि डिस्कवरचं कुलूप पूर्ण उलगडेपर्यंत हात लावू नका. जुनं खातं काढून आपलं टाका, एन्क्रिप्शन पुन्हा सुरू करा. आता नवी किल्ली तुमच्या खात्यात येईल. ती खात्यात उघडून पाहा, दोन कागदांवर लिहा. एक कागद सातबारा ठेवता त्या पेटीत, दुसरा नातेवाइकाकडे. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र नाही. ऑफिस जुन्या खात्याला बांधलेलं असेल तर दुकानदारासमोर बसून त्याचा निकाल लावा.

हे एकट्यानं करू नका. कॉलेजच्या संगणक विभागातलं कुणी किंवा विश्वासातला तंत्रज्ञ शेजारी बसवा. आणि दुकानदार अजून ओळख देतो तोवर करा. सहा महिन्यांनी तो पोरगा तिथं असेलच असं नाही.

प्रश्न : विंडोज, ऑफिस आणि अँटिव्हायरस 'टाकून देण्याचे' दुकानात वेगळे २,००० रुपये घेतले. बरोबर आहे का? (मेहकर)

बिल काढून बघा. त्यावर विंडोज ११ लिहिलं असेल तर त्याचे पैसे तुम्ही आधीच दिलेत, त्याचा परवाना यंत्रातच असतो. 'डॉस' लिहिलं असेल तर लॅपटॉप विंडोजशिवाय विकलाय, आणि मग टाकलेलं विंडोज बहुधा चोरीचं. ते चालवायला जी फाइल टाकतात ती आधी अँटिव्हायरस बंद करायला लावते. त्याच यंत्रावर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार. सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ॲक्टिव्हेशन पाहा आणि शंका आली तर कंपनीच्या ग्राहक सेवेला सिरियल नंबर देऊन विचारा.

सोबत येणारा अँटिव्हायरस ठरावीक दिवसांचा असतो, मग रोज पैसे मागतो. काढून टाका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरगुती कामाला पुरतो. ऑफिस मिळणार असेल तर खोक्यावर किंवा कागदावर तसं असतं आणि ते सुरू करायला मुदत असते, ती हुकवू नका. 'स्टोअरबाहेरचं काही चढत नाही' म्हणून एस मोड काढायचे पैसे घेणारेही भेटलेत मला. तो काढणं फुकट आहे. मात्र एकदा काढला की परत येत नाही.

प्रश्न : मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं की दिवसाचा डेटा तासाभरात संपतो. (घाटंजी)

नवं यंत्र पहिले काही दिवस अपडेट ओढतं, ते काही जीबींचे असतात. वाय-फायच्या सेटिंगमध्ये तुमच्या हॉटस्पॉटच्या नावापुढं 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, ओढाताण थांबेल. पण म्हणून वर्षभर अपडेट टाळायचे नाहीत. महिन्यातून एकदा कॉलेजच्या, अभ्यासिकेच्या किंवा नातेवाइकाच्या वाय-फायवर नेऊन पूर्ण होऊ द्या. त्या दिवशी चार्जर सोबत न्या आणि निळ्या पडद्याची ती ४८ आकड्यांची किल्ली हाताशी ठेवा.

प्रश्न : कीबोर्डवर रबरी कव्हर घालावं का? (वणी)

नको, झाकण मिटल्यावर पडद्यावर दाब येतो.

प्रश्न : लॅपटॉप गरम होतो म्हणून कूलरसमोर ठेवून वापरतो. चालेल ना? (राजुरा)

चालणार नाही. कूलरची हवा ओली असते, पंख्यासोबत बारीक तुषार उडतात आणि लॅपटॉपचा पंखा ते आत ओढतो. दमट खोलीत धूळ पंख्यावर चिकटून बसते. मी उघडलेल्या यंत्रांत राखाडी वाकळेसारखा थर निघतो. कूलर त्याच खोलीत असू द्या, पण हवेचा झोत यंत्रावर नको. गादीवर, उशीवर ठेवू नका, खालची जाळी बंद होते. पाट किंवा लाकडी फळी पुरे.

बऱ्याच कंपन्या वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतात, आपल्याकडे मे महिन्यात ४५ असतं. दुपारचं जड काम सकाळी करा. उभ्या गाडीच्या डिकीत लॅपटॉप ठेवू नका, उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते. कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती लावा. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय हात घालू नका.

प्रश्न : मराठी टाइप करायला फॉन्ट विकत घ्यावा लागतो, असं सांगतात. (चिखली)

कोण सांगतात त्यांना विचारा, विंडोजमध्ये मराठी आधीच आहे. टाइम अँड लँग्वेजमध्ये मराठी जोडा. देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक हवा तर तो, इंग्रजी अक्षरांवरून लिहायचं तर फोनेटिक. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. जुन्या कृतिदेवमध्ये लिहिलेलं ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला अगम्य दिसतं, म्हणून नव्या माणसानं त्यात पडू नये. टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर कोणता कळफलक लागतो ते संस्थेला आधी विचारा, मगच बोटांना सवय लावा.

प्रश्न : पडद्यावर घेतल्यापासून एक उभी रेघ आहे. कापूस निघाला की जाऊ म्हणत पाच महिने गेले. तुमच्याकडे आणू का? (राळेगाव)

पहिल्याच आठवड्यात दुकानात दाखवायला हवा होता, बदलून मिळण्याची आशा तेव्हा असते. पण वॉरंटी साधारण वर्षाची असते, म्हणजे अजून वेळ आहे. आज करा. लॅपटॉपच्या पोटाखालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर लिहून घ्या, बिल शोधा, कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका. बऱ्याच वॉरंटींत माणूस घरी येतो, तेव्हा नागपूर-अमरावतीची फेरी मारण्याआधी विचारा. देण्याआधी फाइल काढून घ्या आणि ते ४८ आकडे तुमच्याकडे आहेत ना, बघा. माझ्याकडे आणू नका. वॉरंटीतल्या लॅपटॉपचा स्क्रू मी काढत नाही, आणि गावात कुणी 'पाच मिनिटांत करून देतो' म्हणालं तर त्यालाही काढू देऊ नका.