झेरॉक्सवाल्याच्या डाउनलोड्समधलं आधार

प्रश्न: दादा, मुलीच्या अॅडमिशनच्या गडबडीत कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर आधार, मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, पासबुकचं पहिलं पान सगळं पाठवलं. घरी भाऊ म्हणाला, आता अकाउंट साफ होणार. मी चॅटमधून डिलीट केलंय, तेवढं बास का? की आधारच बदलून घेऊ? (एक आई, सांगली. नाव छापू नका.)

उत्तर: ताई, आधी भावाला चहा द्या. नुसता आधार नंबर नि खाते नंबर कळला म्हणून पैसे जात नाहीत, त्याला ओटीपी, पिन नाहीतर तुमचं बोट लागतं. आणि आधार नंबर बदलून मिळत नाही, एकदा मिळाला तो मिळाला.

पण डिलीटचं म्हणाल तर ते अर्धवट झालंय. हे दुकानवाले व्हॉट्सअॅप वेब लावून बसतात, तुमची फाइल आधी त्यांच्या डाउनलोड्समध्ये उतरते आणि मग प्रिंट निघते, त्यामुळे तुम्ही 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं (ते पण साधारण 2 दिवसांच्या आतच चालतं) तरी चॅटमधून जाईल, उतरलेली फाइल जागच्या जागी. मी परवा रेल्वेचं तिकीट प्रिंट करायला गेलो तर पोरगा माझी फाइल शोधायला खाली खाली जातोय आणि स्क्रीनवर आधार 11, आधार 12, कुणाचं पॅन, कुणाचा जातीचा दाखला, एका सोनोग्राफीचा रिपोर्टसुद्धा! पोरगा वाईट नव्हता हो, लाइन रस्त्यापर्यंत आलेली, तो पुसणार कधी.

अजून एक गंमत. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त असतात आणि मग तोच पासवर्ड खालच्या मेसेजात टाइप करून देतात. नाही दिला तरी काय, नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल, एवढाच तर असतो. दोन्ही गोष्टी शेजारच्याच फाइलीत लिहिलेल्या.

तर आता दुकानात परत जा, गोड बोलून डाउनलोड्समधनं फाइली काढायला लावा, रिसायकल बिनमधून पण, समोर उभं राहून. मग घरी येऊन माय-आधारच्या साइटवर ऑथेंटिकेशन हिस्ट्री बघा, मागच्या 6 महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं ते दिसतं. संचार साथी या सरकारी साइटवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही कळतं, ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथंच 'माझा नाही' म्हणून कळवा. माय-आधारवर बोटाचे ठसे लॉक करायची सोय आहे ती करून टाका, पण घरात आजी अंगठा लावून रेशन घेत असेल तर तिचं लॉक करू नका, नाहीतर ऐन दुकानात मशीन नाही म्हणणार आणि बोलणी तुम्हाला बसणार.

पुढच्या वेळी मास्क्ड आधार. डाउनलोड करतानाच तो पर्याय येतो, शेवटचे 4 आकडेच दिसतात. मे 2022 मध्ये आधारच्याच बंगळुरू ऑफिसने झेरॉक्स वाटत फिरू नका, मास्क्ड द्या असं पत्रक काढलं होतं आणि लोक घाबरले म्हणून दोनच दिवसांत सरकारने ते मागे घेतलं! पत्रक गेलं, मास्क्ड आधार आहे अजून. आणि कागदी झेरॉक्स दिलीच तर त्यावर आडवं लिहा, 'फक्त हॉस्टेल प्रवेशासाठी', तारीख, सही. त्या पोराला काही फरक पडत नाही, पण तो कागद दुसरीकडे चालवणाऱ्याला पडतो.

प्रश्न: मी उलटं केलं, दुकानाच्या कॉम्प्युटरवर माझंच व्हॉट्सअॅप वेब चालू केलं आणि लॉगआउट न करता आलो. आता दुकान बंद! (बीएस्सी, दुसरं वर्ष)

उत्तर: अरे दुकान कशाला हवंय, मोबाइल आहे ना हातात. व्हॉट्सअॅपमध्ये वरच्या तीन टिंबांवर (आयफोन असेल तर व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये) लिंक्ड डिव्हाइसेस, तिथं तो कॉम्प्युटर दिसेल, त्यावर टच करून लॉगआउट. आत्ता कर, उरलेलं नंतर वाच.

प्रश्न: चौथीतल्या चिरंजीवांनी गेममध्ये डायमंड घेतले, माझ्या फोनवरून, 1600 रुपये. मिळतील का परत? (बाबा, नाशिक)

उत्तर: प्ले स्टोअरमधून गेले असतील आणि 48 तास झाले नसतील तर गूगल प्लेवर रिफंड मागून बघा, घरातल्या कुणी न विचारता घेतलं असं कारण तिथं असतं. वेळ टळली असेल तर गेमवाल्यांना लिहायचं, मिळतीलच असं नाही. आणि प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला व्हेरिफिकेशन लावा, बोट ठेवल्याशिवाय पैसे जाणार नाहीत. बोट तुमचं. चिरंजीवांचं बोट फोनला जोडलेलं नाही ना, ते पण एकदा बघून घ्या, माझ्या भाच्याने तेच केलं होतं.