कोल्हापुरातील आमच्या वाचनकट्ट्यासाठी ‘आफ्टर द किंग’ घ्यायचा विचार आहे. त्यात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्किन यांच्या कथा आहेत का?

नाही, मार्टिन ग्रीनबर्ग यांनी संपादित केलेल्या या संग्रहात टोल्किन यांची स्वतःची एकही कथा नाही. संग्रह मी वाचला आहे: टोल्किन यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९२ मध्ये, इतर लेखकांनी त्यांच्या सन्मानार्थ आपापल्या कल्पित जगांतल्या कथा त्यात दिल्या. कट्ट्यासाठी टेरी प्रॅचेट यांची ‘ट्रोल ब्रिज’ जरूर निवडावी. पुलाखालच्या राक्षसाला मारायला बोलक्या घोड्यावरून आलेला म्हातारा योद्धा त्याच्याशीच जुन्या दिवसांच्या गप्पा मारू लागतो, हे रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या कोणत्याही निवृत्त पैलवानाला पटेल. मात्र सर्वच कथा या तोलाच्या नाहीत, त्यामुळे पुस्तक सलग वाचण्याऐवजी निवडक कथा घेणे बरे.