अँतोनियो कासो विज्ञानविरोधी होते का?

मेक्सिकोचे तत्त्वज्ञ अँतोनियो कासो (१८८३–१९४६) यांनी प्रत्यक्षार्थवादाला, म्हणजे अनुभवाने आणि विज्ञानाने पडताळता येईल तेच ज्ञान मानणाऱ्या मताला, विरोध केला, म्हणजे ते विज्ञानाच्याच विरोधात होते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तसे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. एखाद्या विचाराला अधिकृत सिद्धान्ताचे आसन मिळणे त्यांना मान्य नव्हते, मग तो विचार कोणाचाही असो.

शिक्षणतज्ज्ञ गाबिनो बारेदा यांनी या मताचा प्रवर्तक असलेल्या फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँतचे तत्त्वज्ञान मेक्सिकोच्या शिक्षणात रुजवले आणि पुढे पोर्फिरिओ दियास यांच्या हुकूमशाहीत स्वतःला ‘शास्त्रीय’ म्हणवणारे सल्लागार त्याच्याच आधारे सत्तेचे समर्थन करू लागले. १९०९ मध्ये तरुण कासो यांनी या मतप्रणालीच्या इतिहासावर व्याख्याने दिली. त्याच वर्षी वास्कोन्सेलोस, रेयेस आदी तरुण लेखक-विचारवंतांसह ‘आतेनेओ’ हे मंडळ स्थापन झाले.

कासो यांचा मुख्य ग्रंथ प्रथम १९१६ मध्ये लहान स्वरूपात निघाला. जीवसृष्टी कमीत कमी श्रमांत जास्तीत जास्त लाभ मिळवू पाहते, हा जीवशास्त्राचा निष्कर्ष त्यात ते निमूटपणे स्वीकारतात. परंतु चित्रापुढे उभा राहणारा माणूस त्यातून कोणताही लाभ शोधत नाही, आणि दुसऱ्यासाठी झिजणारा माणूस तर हा हिशेबच उलटा करतो, कारण तो अधिकाधिक श्रम घेऊन कमीत कमी पदरात पाडून घेतो. हे वागणेही अनुभवाला येणारेच असल्यामुळे, अनुभवाची ग्वाही देणाऱ्यांना ते वगळता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो.

१९२१ मध्ये ते राष्ट्रीय विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे आपल्याकडील कुलगुरू, झाले. १९२३ मध्ये शिक्षणमंत्री वास्कोन्सेलोस यांनी, म्हणजे त्यांच्याच जुन्या सहकाऱ्याने, कासो यांचे शिष्य व्हिसेंते लोम्बार्दो तोलेदानो यांना पूर्वतयारी विद्यालयाच्या संचालकपदावरून दूर केले, आणि त्या वादात कासो यांनी पद सोडले. दहा वर्षांनी, १९३३ च्या विद्यापीठ परिषदेत, हेच शिष्य त्यांच्यासमोर उभे ठाकले. विद्यापीठाने ऐतिहासिक भौतिकवाद, म्हणजे इतिहासाला आर्थिक परिस्थिती घडवते हे मार्क्सचे मत, आपली दिशा म्हणून स्वीकारावे, असे लोम्बार्दो यांचे म्हणणे होते. मार्क्स शिकवण्यास कासो यांची हरकत नव्हती. प्राध्यापकाने काय मानावे हे विद्यापीठाने ठरवू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. परिषदेचा कौल लोम्बार्दो यांच्या बाजूने गेला, पण त्यानंतर उसळलेल्या संघर्षात त्यांनाच विद्यापीठ सोडावे लागले आणि त्याच वर्षी नव्या कायद्याने विद्यापीठाची स्वायत्तता वाढली.