बी.एस्सी. सोडू नये, क्वायरही सोडू नये

प्रश्न : माझी मुलगी छत्रपती संभाजीनगरला होस्टेलवर राहून बी.एस्सी. करते, दुसरं वर्ष आहे. शास्त्रीय गाण्यात गांधर्वची मध्यमा पूर्ण झाली आहे. हिवाळ्यात तिथल्या एका चर्चमध्ये बाहेरगावाहून आलेल्या क्वायरने, म्हणजे समूहाने गाणाऱ्या वृंदाने, कॉलेजच्या मुलामुलींना सोबत घेऊन चारशे वर्षांपूर्वीचं लॅटिन धार्मिक संगीत गायलं. पालेस्त्रिना आणि बर्ड अशी संगीतकारांची नावं ती सांगते. आठवडाभर तालीम होती. तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचत नाही. बी.एस्सी. सोडून हेच शिकायचं म्हणते. तिचे वडील एकरभर वावर विकून तिला इंग्लंडला पाठवायलाही तयार झालेत. सासूबाई म्हणतात, आपलं घर माळकऱ्यांचं, हिनं चर्चमध्ये काय म्हणून गावं? यात पोटापाण्याचं काही आहे का? – एक आई, जालना जिल्हा

ताई,

वावर विकू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी.

केंब्रिज-ऑक्सफर्डच्या कॉलेजांत चॅपलच्या, म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनामंदिराच्या, क्वायरमध्ये गाणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते, हे मुलीने कुठेतरी वाचलं असणार. ती मिळते, पण रक्कम मानाची असते. परदेशी विद्यार्थ्याची फी आणि राहण्या-जेवणाचा खर्च त्यात भागत नाही. तिने तिथून उचलायची गोष्ट वेगळीच आहे. त्या क्वायरमधली सगळी मुलं संगीतच शिकतात असं नाही. कुणी गणित शिकतो, कुणी रसायनशास्त्र, कुणी इतिहास, आणि आठवड्यातल्या बऱ्याच संध्याकाळी चॅपलमध्ये उभा राहून गातो. 1973 साली पीटर फिलिप्स यांनी ‘टॅलिस स्कॉलर्स’ हा वृंद सुरू केला, तो अशाच चॅपलमधल्या गायकांना जमवून. आज या संगीतात त्यांचं नाव जगभर घेतलं जातं. जिथे हे संगीत मुरलेलं आहे तिथेही माणूस या वाटेला लागतो तो पदवी चालू असताना, गाता गाता. मग तुमच्या लेकीनेच आधी बी.एस्सी. का सोडावी?

आता तिच्या ओढीबद्दल. ती वरवरची आहे असं मला वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. पालेस्त्रिनाची ‘सिकुट चेर्वुस’ ही रचना घ्या. टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) सुरू करतो, मागून आल्टो (बायकांचा खालचा) तीच ओळ घेऊन येतो, मग सोप्रानो (बायकांचा वरचा), मग बास (पुरुषांचा खालचा). चारही आवाज आपापल्या वाटेने चालतात आणि तरी गाणं एकच राहतं. साथीला वाद्य लागत नाही; पोपच्या सिस्टाइन चॅपलमध्ये तर ऑर्गनही वाजत नसे. त्या काळी छापील वह्यासुद्धा आवाजागणिक वेगळ्या असत. आल्टोच्या हातात फक्त आल्टोची ओळ, बाकीचे तिघे कुठे आहेत ते कानानेच धरायचं. ज्या मुलीने आजवर एकटीने तंबोऱ्यासमोर बसून रियाज केला, तिला पहिल्यांदा असं गायला मिळालं असेल तर तिचं जेवणात लक्ष नसणं मी समजू शकतो.

आणि मध्यमेचा अभ्यास इथे वाया जात नाही. तंबोरा नीट जुळला की कुणी न छेडता त्यातून गंधार ऐकू येतो, तिच्या गुरूंनी तो तिला ऐकवलाच असेल. वाद्याशिवाय गाणारा चांगला क्वायर मुक्कामाच्या स्वरावर येतो तेव्हा याच शुद्ध, स्थिर गंधाराच्या शोधात असतो. पेटीचा गंधार त्याहून थोडा चढा असतो. पेटीवर गळा बसवलेल्यांना ही जागा सापडायला वेळ लागतो. तंबोऱ्यावर तयार झालेला कान तिथे लवकर पोचतो. हे तिचं भांडवल आहे. मींड, खटका, मुरकी मात्र इथे आवरायला लागेल. स्वर सरळ लावायचा आणि शेजारणीच्या आवाजात आपला आवाज विरून जाऊ द्यायचा. एकल गायकीत वाढलेल्या मुलीला हे जड जातं. आठवडाभराच्या तालमीत तिला यात आनंद वाटला की कोंडल्यासारखं झालं, हे तिला नक्की विचारा. तिच्या उत्तरावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

तिच्याकडे जे नाही ते म्हणजे लिहिलेल्या स्वरांचं वाचन. आपल्याकडची मुलं गुरूच्या मागोमाग म्हणून शिकतात. क्वायरमध्ये कागद हातात आला की पाहताक्षणी गाता यावं लागतं, आणि तेही पाच रेघांच्या स्टाफ नोटेशनमध्ये. निवडीच्या वेळी बहुतेक मुलं अडकतात ती इथेच. पदवीची उरलेली वर्षं तिने यावर घालावीत. एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळाच्या पहिल्या ते पाचव्या ग्रेडच्या थिअरी परीक्षा ऑनलाइन होतात, होस्टेलच्या खोलीत बसून तयारी करता येते. पाचवीपर्यंत नेटाने जावं, कारण त्यांच्या गाण्याच्या सहाव्या ग्रेडला बसायला साधारण तीच थिअरी आधी लागते. ‘कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी’ या संकेतस्थळावर पालेस्त्रिना, बर्ड, व्हिक्टोरिया या संगीतकारांच्या रचनांचे कागद फुकट उतरवून घेता येतात. रोज एक पान आधी न ऐकता वाचून गायचं, मग ध्वनिमुद्रण लावून आपली ओळ शेवटपर्यंत न सोडता म्हणायची. शहरातल्या एखाद्या चर्चच्या क्वायरमध्ये तालमीला बसू देतात का तेही विचारावं. पुस्तकापेक्षा तिथे जास्त शिकायला मिळेल.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो. भारतात फक्त हे संगीत गाऊन घर चालत नाही. इंग्लंडमध्येसुद्धा चांगले चांगले क्वायरगायक शिकवण्या करतात, शाळांत नोकऱ्या करतात. मुंबईच्या परांज्योती अकॅडमी कोरससारख्या नावाजलेल्या वृंदात गाणारी माणसंही दिवसा आपापली नोकरी-धंदा सांभाळतात. मिळकत आहे ती शिकवण्यात. पुण्या-मुंबईच्या, बंगळुरूच्या मोठ्या शाळांना मुलांचा क्वायर उभा करणारा शिक्षक हवा असतो, आणि हिंदुस्थानी व पाश्चात्त्य दोन्ही येणारी माणसं थोडी आहेत. त्या थोड्यांत तुमची मुलगी येऊ शकते. बी.एस्सी.नंतरही मन इथेच असेल तर आधी देशातच शिकावं. ए. आर. रहमान यांनी 2008 साली चेन्नईत सुरू केलेल्या केएम म्युझिक कन्झर्व्हेटरीत दोन्ही पद्धतींचं गाणं शिकवतात, पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण आहे. फी दोन्हीकडची आधी विचारून घ्या. शिवाय 2022 पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला मुभा दिली आहे, तेव्हा संगीताची दुसरी पदवी दूरशिक्षणातून जोडता येते का हे विद्यापीठात चौकशी करून पाहा. परदेशाचा विचार त्यानंतर, आणि तोही कुठल्या वृंदाने आवाज ऐकून निवड केली तरच.

सासूबाईंना मी मान देऊनच सांगेन. ‘सिकुट चेर्वुस’मधले शब्द एका स्तोत्रातले आहेत. हरीण पाण्याच्या ओढ्यासाठी तळमळतं तसा माझा जीव, देवा, तुझ्यासाठी तळमळतो, एवढाच त्याचा अर्थ. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या आणि आयुष्यभर हरिपाठ म्हटलेल्या बाईला हा भाव कुणी समजावून द्यायला नको. पालेस्त्रिना 1594 साली रोममध्ये वारला, आपले नाथ महाराज 1599 साली पैठणला गेले. दोघं एकाच काळातले. त्याच काळात फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज गोव्यात येऊन मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचत होता, ते 1616 साली छापलं गेलं. त्याने आपली ओवी आपलीशी केली. तुमची नात त्यांची ओळ गाते, यात माळेला काही बाध येत नाही. ती धर्म बदलत नाहीये, गाणं शिकते आहे. तरी कुणी धर्माच्या बाबतीत गळ घालत असेल तर तिने घरी मोकळेपणी सांगावं, एवढा विश्वास तिला आधी द्या. रागावून क्वायर बंद केलात तर ती गाणं सोडणार नाही, तुम्हाला सांगणं सोडेल.

यंदा एक काम मात्र लगेच होण्यासारखं आहे. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पाश्चात्त्य समूहगान हा प्रकार असतो, सहा गायकांचा. त्या तालमीतल्याच पाच जणांना गाठून तिने संघ बांधावा, कॉलेजच्या सांस्कृतिक विभागात वेळेत नाव द्यावं. बसवायचं काय, कुणाला कुठला आवाज द्यायचा, न येणाऱ्याला कसं शिकवायचं, हे सगळं तिच्यावर पडेल. पुढे शाळेत क्वायर उभा करायचा तर हेच काम करायचं आहे, आणि ते तिला जमतं का, आवडतं का, हे एका हंगामात कळेल. स्पर्धेच्या दिवशी तिच्या वडिलांना घेऊन ऐकायला जा. आजी येत असतील तर त्यांनाही.